मागच्या टायरची आतली कड

१९७२ साली मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने एक उलटे पाऊल टाकले. १९६१ पासून ती ‘स्टँडर्ड हेरल्ड’ विकत होती. या गाडीची मागची दोन चाके एकमेकांपासून स्वतंत्रपणे खालीवर होत. अॅम्बेसेडर आणि फियाट या दोन्ही प्रतिस्पर्ध्यांकडे ही सोय नव्हती, आणि युरोपात तर ती आधुनिकतेची खूण मानली जात होती. तरीही हेरल्डची वारसदार म्हणून ‘गॅझेल’ आली, तेव्हा तिच्या मागच्या बाजूला जुन्या पद्धतीची सलग, अखंड आस बसवलेली होती. हेरल्डची मागची रचना इथल्या मालकांना आणि मेकॅनिकांना कधीच मानवली नव्हती.

पुढे जायचे सोडून एखादी कंपनी मागे का फिरते? या प्रश्नाचे उत्तर मागच्या टायरच्या आतल्या कडेवर सापडते. ती कड का झिजते, याचा शोध घेताना व्हिएन्ना, बर्लिन, डेट्रॉइट आणि अमेरिकेची सिनेट अशी बरीच भ्रमंती करावी लागते. त्याची ही कहाणी.

आधी सलग आस म्हणजे काय, ते पाहू. अॅम्बेसेडरच्या किंवा पद्मिनीच्या मागच्या बाजूला एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत पोलादी नळीसारखे घर जाते, मध्यभागी डिफरन्शियलचा गोळा असतो आणि हे सारे दोन्ही बाजूंच्या पाट्यांवर बांधलेले असते. गाडीत एक माणूस बसो वा सहा, पाटे दबले तरी चाके रस्त्याला काटकोनातच उभी राहतात. त्यामुळे टायर सपाट बसतो आणि बहुधा सपाटच झिजतो. दोष वेगळाच आहे. एक चाक खड्ड्यात गेले की दुसरेही कलते, आणि आस, डिफरन्शियल, चाके हे सगळे ओझे स्प्रिंगच्या खाली लोंबत असल्यामुळे खडबडीत रस्त्यावर मागचा भाग टणाटण उडतो.

यावरचा एक उपाय एडमंड रुंपलर या व्हिएन्नात जन्मलेल्या अभियंत्याने १९०३ मध्ये पेटंट करून ठेवला. कल्पना सोपी होती. डिफरन्शियल गाडीच्या सांगाड्याला घट्ट बांधायचे आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी निघणाऱ्या अर्ध्या आसा तिथल्या सांध्यावर पंखांसारख्या खालीवर हलू द्यायच्या. रुंपलर पुढे विमानांकडे वळला. १९२१ च्या बर्लिन प्रदर्शनात त्याने पाण्याच्या थेंबाच्या आकाराची ‘ट्रॉफेनवागन’ ही मोटार मांडली, तेव्हा तिच्या मागच्या बाजूला हीच झुलती आस होती. ती गाडी फारशी खपली नाही. कल्पना मात्र टिकली. १९२३ मध्ये हान्स लेडविंका याने चेकोस्लोव्हाकियातील टाट्रा ११ मध्ये ती वापरली, १९३१ मध्ये मर्सिडीज-बेंझने आपल्या १७० या गाडीला दिली, आणि त्याच दशकात फर्डिनांड पोर्शे याने जर्मन जनतेच्या मोटारीसाठी, म्हणजे पुढे ‘बीटल’ नावाने जगभर गेलेल्या गाडीसाठी, तीच निवडली.

ही रचना स्वस्त होती. प्रत्येक बाजूला फक्त एकच सांधा लागे. पण सगळी गोम त्या एका सांध्यातच होती.

दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे पसरून मनगटे ताठ धरली, तर तळवे जमिनीला काटकोनात उभे राहतात. हात खाली आले की तळव्यांच्या खालच्या कडा अंगाकडे वळतात, हात वर गेले की वरच्या कडा. झुलत्या आसेवर चाकांचे नेमके हेच होते. गाडी भरली, बूड खाली बसले, की मागून पाहताना दोन्ही चाके वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकलेली दिसतात. या झुकावाला कॅम्बर म्हणतात, आणि आत झुकलेल्या चाकाच्या कॅम्बरला ऋण कॅम्बर. अशा वेळी टायरची आतली कड सगळा भार घेते आणि तीच आधी गोटा होते. बाहेरची नक्षी नव्यासारखी, आतली गुळगुळीत, हा प्रकार झुलत्या आसेच्या गाड्यांमध्ये त्या रचनेइतकाच जुना आहे.

टायरच्या खर्चापुरतीच ही गोष्ट असती, तर कुणी ग्रंथ लिहिला नसता. खरा धोका हालचालीच्या दुसऱ्या टोकाला होता. वेगात वळण घेताना बाहेरच्या मागच्या चाकावर रस्ता आडवा रेटा देतो. हा रेटा झुलत्या आसेतून डिफरन्शियलजवळच्या सांध्यापर्यंत पोचतो आणि गाडीचे बूड वर उचलू पाहतो. बूड उचलले की चाक खाली लोंबते, त्याचा तळ आत वळतो आणि टायर आपल्या बाहेरच्या खांद्यावर उभा राहतो. पकड एकाएकी सुटते, मागचा भाग बाहेर फेकला जातो, आणि कधी कधी तो दुमडलेला टायरच गाडीला ठेच लावून उलथवतो. रोजची झीज आतल्या कडेवर दिसते. घात होतो तो बाहेरच्या कडेवर.

शर्यतीच्या मैदानात हे लवकर कळले. तीसच्या दशकात जर्मन ग्रां प्री गाड्यांनी युरोप गाजवला, त्यातील मर्सिडीजच्या डब्ल्यू २५ ला आणि पोर्शेने रचलेल्या ऑटो युनियनला मागे झुलती आसच होती. मागच्या बाजूला सोळा सिलिंडरांचे इंजिन घेऊन धावणारी ऑटो युनियन आवरणे हे मोजक्याच चालकांना साधे. १९३७ च्या डब्ल्यू १२५ मध्ये मर्सिडीजने झुलती आस सोडली, पाठोपाठ १९३८ मध्ये ऑटो युनियननेही. दोघांनी ‘द दियों’ या जुन्या फ्रेंच पद्धतीचा आधार घेतला, जिच्यात दोन्ही चाके एका नळीने जोडलेली असल्यामुळे उभी राहतात. म्हणजे जगातल्या सर्वांत वेगवान गाड्यांनी जी गोष्ट टाकून दिली, तीच युद्धानंतर घरगुती गाड्यांमध्ये लाखोंच्या संख्येने आली. कारण अर्थातच किंमत.

मर्सिडीजने तिचा नाद सोडला नाही, पण डोळसपणे सांभाळला. १९५४ ची पंख-दारांची ३०० एसएल जुन्याच झुलत्या आसेवर धावे आणि बेसावध चालकाला सहज गोत्यात आणी. १९५७ मध्ये तिची उघडी आवृत्ती आली, तेव्हा सांधा डिफरन्शियलच्या खाली उतरवून बूड उचलण्याची खोड बरीच कमी केली होती. झुलती आस मुळात पापी नव्हती. ती कुठे, किती उंचीवर आणि कशाच्या जोडीने लावली, यावर सगळे ठरे.

डेट्रॉइटमध्ये नेमके हेच चुकले. १९५९ च्या ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सने शेव्हरोले कॉर्वेअर बाजारात आणली. हवेने थंड होणारे सहा सिलिंडरांचे इंजिन मागे, साठ टक्क्यांहून अधिक भार मागच्या चाकांवर, आणि तिथे झुलती आस. पुढच्या बाजूला गाडीचा कल रोखणारा दांडा लावला असता तर तोल बराच सावरला असता, पण पहिल्या गाड्यांमध्ये तो नव्हता. कंपनीचे एक बडे अधिकारी जॉन डिलोरियन यांच्या आठवणींवरून लिहिलेल्या पुस्तकात या सुधारणेचा खर्च गाडीमागे सुमारे पंधरा डॉलर सांगितला आहे, आणि तो वरिष्ठांना नको होता, असेही.

दांड्याऐवजी कंपनीने टायरमधल्या हवेवर भिस्त ठेवली. पुढच्या टायरमध्ये १५ पौंड आणि मागच्यात २६ पौंड हवा ठेवावी, अशी सूचना पुस्तिकेत होती. पुढची चाके मुद्दाम लिबलिबीत ठेवायची, म्हणजे वळणावर त्यांचीच पकड आधी सुटेल आणि मागचा भाग शाबूत राहील, असा त्यामागचा हिशेब. कागदावर तो बरोबर होता. पण पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्या माणसाला इतर सर्व गाड्यांच्या चारही चाकांत जवळपास सारखीच हवा घालायची सवय, आणि १५ पौंड म्हणजे त्याच्या लेखी जवळजवळ पंक्चर. तो इमानदारीने पुढच्या टायरमध्ये हवा वाढवी, आणि तोल राखणारा तो एकमेव धागा तुटे. माणसाच्या सुरक्षिततेचा भार पंपावरच्या अनोळखी हातावर टाकणे, हा या साऱ्या प्रकरणातला सर्वांत अक्षम्य भाग म्हणायला हवा.

३० नोव्हेंबर १९६५ रोजी राल्फ नाडर या तरुण वकिलाचे ‘अनसेफ अॅट एनी स्पीड’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचे पहिले प्रकरण कॉर्वेअरवर होते. कंपनीने त्याच्या मागावर खासगी गुप्तहेर सोडले. ते उघडकीस आले आणि २२ मार्च १९६६ रोजी जनरल मोटर्सचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या उपसमितीसमोर जाहीर माफी मागावी लागली. पुस्तक जेवढे वाचले गेले नसते, तेवढे या हेरगिरीने वाचले गेले. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मोटार सुरक्षेच्या कायद्यावर सही केली. नाडरने कंपनीवर दावा लावला, तो १९७० मध्ये ४,२५,००० डॉलरवर मिटला.

गंमत अशी की पुस्तक आले तेव्हा दोष दुरुस्त झालेला होता. १९६४ च्या गाड्यांना पुढचा दांडा आणि मागे एक आडवा पाटा मिळाला, आणि १९६५ च्या नव्या कॉर्वेअरमध्ये झुलती आसच नव्हती. पण १९६० ते १९६३ च्या गाड्या रस्त्यावर होत्याच. १९६९ मध्ये कॉर्वेअरचे उत्पादन थांबले. त्याला नाडर जितका कारण, तितकीच फोर्डची १९६४ मध्ये आलेली मस्टँगही कारण होती. हे नाडरचे चाहते विसरतात.

आता पुन्हा १९७२. त्या वर्षीच्या जुलैमध्ये अमेरिकी वाहतूक सुरक्षा संस्थेने आपला अहवाल दिला. १९६३ च्या कॉर्वेअरची फोर्ड फाल्कन, प्लिमथ व्हॅलियंट, फोक्सवॅगन आणि रेनॉ दोफीन यांच्याशी तुलना करून, ती त्या काळच्या गाड्यांपेक्षा अधिक धोकादायक नव्हती, असा निष्कर्ष काढला. कॉर्वेअर सुटली. मात्र तुलनेतल्या शेवटच्या दोन गाड्याही मागे इंजिन असलेल्या, झुलत्या आसेच्याच होत्या, हे ध्यानात ठेवलेले बरे. अमेरिकेत झुलत्या आसेला हे प्रमाणपत्र मिळाले, त्याच वर्षी मद्रासने तिला निरोप दिला.

मद्रासची हेरल्ड मूळची इंग्लंडच्या ट्रायम्फची. १९५९ मध्ये आलेल्या या गाडीचे देखणे अंग तुरिनच्या जोव्हानी मिकेलोत्तीने रेखाटले होते. इंजिन पुढे होते, त्यामुळे कॉर्वेअरइतका धोका तिच्यात नव्हता. पण मागे झुलती आस होती आणि दोन्ही चाकांना मिळून डिफरन्शियलच्या डोक्यावर आडवा बसवलेला एकच पाटा. सगळा भार या एका पाट्यावर. पाटा नवा असताना चाके जवळजवळ उभी राहत. गाडी वयाने वाढली, घरातली सहा-सात माणसे आणि सामान घेऊन वर्षानुवर्षे धावली, की तो पाटा बसे. मग रिकामी गाडीसुद्धा मागून पाहताना फेंगड्या बैलासारखी दिसू लागे आणि मागचे टायर आतून गोटा होत.

इथल्या मेकॅनिकाचा हात सलग आसेवर बसलेला होता. टायर आतून झिजतो म्हणजे काहीतरी वाकले, अशी त्याची समजूत, आणि ती सलग आसेपुरती अगदी बरोबर होती. हेरल्डमध्ये मात्र काहीच वाकलेले नसे. त्यावर सुचणारा उपाय म्हणजे पाट्याला पुन्हा बाक देऊन किंवा एखादे पान वाढवून गाडी उचलणे. टायर वाचे. पण बूड जितके उंच, तितके वळणावर चाक आत दुमडण्याचे भय जास्त. शर्यतीत उतरणारे ट्रायम्फचे शौकीन नेमके उलटे करत. ते मागचा भाग मुद्दाम खाली बसवत, चाके आत झुकवत आणि आतून झिजणाऱ्या टायरांचा खर्च हसत सोसत. झुलत्या आसेच्या गाडीत आतल्या कडेची थोडी झीज ही सुरक्षिततेची किंमत असते. हे जाणून घेतल्याशिवाय केलेली दुरुस्ती दुरुस्ती ठरत नाही.

ट्रायम्फने १९७० च्या अखेरीस स्पिटफायरमध्ये यावर सुंदर तोड काढली: पाट्याचे तळाचे पान तेवढे पक्के ठेवून वरची पाने मध्यावर डुलू दिली, त्यामुळे गाडीचा कल वाढला तरी पाटा चाकांना भलतीकडे दाबेनासा झाला. ही तोड मद्रासला मिळवता आली असती का, हा प्रश्न रास्त आहे. पण ज्या देशात गाडी मुंबईत घेऊन मिरजेच्या किंवा धुळ्याच्या गॅरेजात दुरुस्त करायची, तिथे मेकॅनिकाला ओळखीची असलेली सलग आस बसवणे ही माघार खचितच मूर्खपणाची नव्हती.

मग जुन्या गाडीचा मागचा टायर वाचायचा कसा? प्रथम गाडीखाली कोणती आस आहे ते ओळखावे, कारण एकाच खुणेचा अर्थ दोन गाड्यांत दोन असतो. झुलती आस असेल, दोन्ही टायर आतून सारखेच झिजले असतील आणि बूड बसलेले असेल, तर पाटा थकला. एकाच बाजूचा टायर झिजला असेल, तर त्या बाजूचे बेअरिंग, बुश किंवा एखादा वाकलेला भाग शोधावा लागतो. नक्षीवरून हात आडवा फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर दोष कॅम्बरचा नसून ‘टो’चा, म्हणजे वरून पाहताना चाक सरळ रेषेत नाही. हेरल्डमध्ये चाकाला पुढेमागे धरून ठेवणाऱ्या दांड्याचे रबरी बुश गेले की असे होते.

टोची झीज कॅम्बरपेक्षा कितीतरी वेगवान. एका अंशाचा टो म्हणजे भूमितीच्या हिशेबाने प्रत्येक किलोमीटरमागे टायर सुमारे साडेसतरा मीटर आडवा घासत जाणे. कॅम्बरने टायर वर्षभरात जातो म्हणावे, तर टोने काही हजार किलोमीटरांतच.

अॅम्बेसेडर, पद्मिनी किंवा गॅझेल असेल तर विचार वेगळा. इथे कॅम्बर सहसा बदलतच नाही, म्हणून तिरकी झीज ही गंभीर तक्रार समजावी. आधी दोन्ही चाके डावी-उजवी अदलाबदल करून पाहावीत. झीज चाकाबरोबर दुसऱ्या बाजूला गेली तर रिम किंवा टायर सदोष; जिथल्या तिथे राहिली तर आसेचे घर वाकलेले, किंवा टोकाचे बेअरिंग गेलेले. पाट्यांची पाने एकत्र धरणारा मधला बोल्ट तुटला, तर आस एका बाजूने मागे सरकते आणि गाडी कुत्र्यासारखी तिरकी धावते. पुढच्या आणि मागच्या चाकांना दोरी लावून पाहिली की ते लगेच दिसते. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर हवा जास्त. वाटीसारखे खळगे पडले तर शॉकअब्सॉर्बर थकले. एकाच जागी चट्टा असेल, तर कधीतरी ब्रेक जाम होऊन चाक फरफटले आहे किंवा ब्रेकचा ड्रम गोल राहिलेला नाही.

जर्मनीने तिसरी वाट काढली. १९६२ पासून बीएमडब्ल्यूने आणि १९६८ पासून मर्सिडीजने तिरप्या भुजांवर मागची चाके बसवली, अर्ध्या आसेला दोन-दोन सांधे दिले. फोक्सवॅगनच्या अमेरिकेत जाणाऱ्या बीटललाही १९६९ पर्यंत तशीच रचना मिळाली. चाकाचा झुकाव कमी झाला, पण संपला नाही. म्हणूनच सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या अशा गाड्या स्प्रिंग बसल्या की आजही आतूनच टायर खातात. १९८२ मध्ये मर्सिडीज १९० आली, तिच्या प्रत्येक मागच्या चाकाला पाच स्वतंत्र दांडे होते. झुकाव आणि टो दोन्ही आवरले गेले. त्याबरोबर झिजू शकणाऱ्या बुशांची संख्याही वाढली, आणि फक्त पुढच्या चाकांची अलाइनमेंट करून भागण्याचे दिवस सरले.

कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीच्या पद्मिनी टॅक्सी शेवटपर्यंत सलग आसेवर धावल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून त्या कायमच्या उतरल्या. हेरल्ड मात्र जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत अजून भेटते आणि तिच्या मागच्या चाकांपाशी वाद हमखास रंगतो. गाडी जॅकवर चढवून खाली उतरवली की चाके तशीच आत दुमडलेली राहतात, उंट गुडघे मोडून उठता उठता थांबावा तशी. त्या अवस्थेत कॅम्बर मोजून पाट्याला दोष देणारे मेकॅनिक आजही आहेत. गाडी हाताने दहा-पंधरा पावले पुढेमागे ढकलावी, बूड दोन-चारदा दाबून सोडावे, चाके आपल्या जागी येऊ द्यावीत, आणि मगच मोजायला बसावे.